बस्ता बघत बसलेली वनिता

वनिता पहिल्यांदा आमच्या दुकानात आली तेव्हा तिनं टेप काढलाच नाही. दुकान नव्यानं मांडायला आलेली बाई मापंच घेत नाही, हे मला तिथंच खटकलं. भिंतीकडं बघितलं नाही, छताकडं बघितलं नाही. गादीच्या कडेला एक स्टूल असतं, त्यावर बसली, पिशवीतून शंभरपानी वही काढली आणि समोरच्या गिऱ्हाइकांकडं बघत राहिली. मी मनात म्हटलं, ही दुकान सजवायला आली आहे का पाळत ठेवायला?

भोरच्या बाजारपेठेतलं आमचं कापडाचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं. ते चालतं लग्नाच्या बस्त्यावर. दोन्हीकडची माणसं टेम्पो करून येतात, चपला काढून गादीवर बसतात आणि नवरीच्या शालूपासून शेजारणीच्या साडीपर्यंत एकेकीचं नाव घेत दिवसभर कापड निवडतात. पण गेल्या तीन-चार वर्षांत बस्ते कमी झाले. मुली मोबाईलवर साड्या बघूनच येतात, फोटो पुढं करतात आणि विचारतात, ही आहे का. नसली की पुण्याची वाट धरतात. आमचा मुलगा प्रद्युम्न पुण्यात नोकरी करतो. तो म्हणाला, आई, मोबाईलवरचं दुकान आपल्या गादीवर आणायला पाहिजे, नाही तर एक दिवस कुलूप लागेल. वनिताचं नाव त्यानंच काढलं.

ती आंबवड्याची, बौद्ध वस्तीतली. वडील बाजीराव, थोडी शेती आणि बाकी मजुरी. आई फुलाबाई. मुलगी एकुलती एक. एसटीनं भोरला येऊन बारावी केली, पुण्यात इंटिरिअरचा डिप्लोमा घेतला आणि एका मोठ्या कंपनीत सहा वर्षं मॉलमधली दुकानं उभी केली. दोन वर्षांपूर्वी बाजीरावांची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा नोकरी सोडून परत आली. भोर-वेल्ह्यात दुकानांची कामं मिळत राहिली तर आईबापाजवळ राहता येईल, नाही तर पुन्हा पुण्यात खोली घ्यायची आणि इथं आईनं एकटीनं वडिलांना उचलायचं, बसवायचं. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. दया यावी म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून. आमचं हे काम तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम होतं. आमच्या पेठेत एका दुकानदाराच्या तोंडून वाईट शब्द निघाला की संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळतो. ते तिला ठाऊक होतं आणि मलाही.

पहिला आठवडा ती नुसती बसून होती. दुसऱ्या आठवड्यातही तेच. यांना मी म्हटलं, अहो, ही काय लिहिते एवढं? हे म्हणाले, सुलू, तिचं काम तिला करू दे. यांना कुणाचाच संशय येत नाही. घरातला तेवढा वाटा मला एकटीला उचलावा लागतो.

तिचे प्रश्नही चमत्कारिक होते. म्हाताऱ्या बायका गादीवरून उठताना कशाला धरतात? लहान मूल रडलं की आई त्याला कुठं नेते? एकदा तिनं देवीच्या साडीचं विचारलं. आमच्याकडं बस्त्याची सुरुवात देवीच्या साडीनं होते. ज्या घरची जी देवी असेल तिची साडी आधी, मग माणसांची. ती मी स्वतः काढते आणि हात जोडून पाटावर ठेवते. वनितानं विचारलं, "काकू, ही साडी पुढं दिवसभर कुठं असते?" मला वाटलं, हिला काय करायचंय. हिचा आपल्या देवीशी काय संबंध. असा विचार मनात आला, तो लपवत नाही. त्या दिवशी संध्याकाळी देवापुढं बसले तेव्हा त्याची लाज वाटली, तेही लपवत नाही. पण संशय काही गेला नाही.

एक दिवस ती मागं हात धुवायला गेली आणि वही स्टुलावर राहिली. मी उघडली. दुसऱ्याची वही उघडू नये हे मलाही कळतं. आत लिहिलं होतं: "निगुडघर. लग्न मार्गशीर्षात. नवरीची मावशी घरी. फोनवर तीन वेळा दाखवली." खाली: "विंझर. आत्या ठरवते. आत्या आलेली नाही." पानंच्या पानं अशी. गाव, घर, लग्नाचा महिना, घरात कुणाचं चालतं. आमची तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं तिनं शंभर पानांत बांधली होती. ही वही दुसऱ्या कुठल्या दुकानदाराच्या हातात गेली तर त्याला गादीसुद्धा घालायला नको. तो सरळ विंझरला आत्याच्या दारात जाऊन उभा राहील.

ती परत आली. वही जरा तिरकी पडली होती, ती तिनं सरळ केली. थोड्या वेळानं विचारलं, "काकू, बस्त्यात साडी कोण ठरवतं?"

मी म्हटलं, कोण म्हणजे, गादीवर बसलेत ते.

"नाही. जी आलेली नाही, ती ठरवते."

मग तिनं सांगितलं. प्रत्येक बस्त्यात एक बाई घरी राहिलेली असते. पाय मोडलेली, बाळंतीण, नाही तर रुसलेली. गादीवरची माणसं सारखी फोन उचलून तिला साडी दाखवतात. आपले दिवे पिवळे, फोनमध्ये वांगी रंग चॉकलेटी दिसतो. ती तिकडून नको म्हणते, की इकडं शंभर साड्यांची घडी पुन्हा घालायची. माणसं थकतात आणि म्हणतात, पुढच्या रविवारी येतो. ती मग येत नाहीत.

खरं होतं. चाळीस वर्षं मी घड्या घालते आहे आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण खरं ऐकून माझा जीव आणखीच धास्तावला. परक्या मुलीला आमच्या धंद्याची नस तीन आठवड्यांत सापडली होती.

यांनी तिला होकार दिला. सुतार आले, जुना काउंटर निघाला. नवरात्र संपलं होतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत दुकान उभं राहायला हवं होतं. त्याच आठवड्यात वनिता म्हणाली, उद्या येणार नाही. मी समजले, वडिलांना डॉक्टरकडं न्यायचं असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्सलचा टेम्पो घेऊन आकाश आला. गठ्ठे उतरवता उतरवता म्हणाला, "वहिनी, तुमच्या त्या मॅडम आज सारोळ्यात दिसल्या. हायवेला नवीन शोरूम हुतंय न्हाई का कापडाचं, तिथं. टेप घिऊन भिंती मोजत हुत्या."

आमच्याकडं तीन आठवडे टेप न काढणारी मुलगी सारोळ्यात पहिल्या दिवशी भिंती मोजत होती. मग वही कुणासाठी भरली, ते मला स्वच्छ दिसलं. निदान तेव्हा तसं वाटलं.

मी तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. दुसऱ्या दिवशी ती सुताराजवळ उभी असताना मी यांना मोठ्यानं म्हटलं, "ऐकलंत का, हिर्डोशीच्या अक्काबाईंच्या नातीचं ठरलं. सत्तर साड्यांचा बस्ता आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या गुरुवारी येतायत." यांना काहीच माहीत नव्हतं, हे नुसते बरं म्हणाले. अक्काबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक, ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या गुडघ्यांमुळं त्या भोरला यायच्या बंद झाल्या होत्या. नात सृष्टी पुण्यात नर्सिंगला. लग्नाचा पत्ता नव्हता. पण खोटं पटायचं तर त्याला नाव खरं लागतं. माझा हिशेब साधा होता. चार दिवसांत सारोळ्याच्या शोरूमचा माणूस हिर्डोशीला पोचला, की वही कुठं जाते ते कळेल.

वनितानं वर बघितलं. "हिर्डोशीत रेंज येते का हो, काकू?"

म्हटलं, मला काय ठाऊक.

तिनं वहीत लिहिलं. मला बरं वाटलं. वाईट गोष्ट खरी ठरणार म्हणूनही माणसाला बरं वाटतं, हे मी त्या दिवशी शिकले.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी वनिता सकाळी आली नाही. दुपारी अक्काबाईंचाच फोन आला.

"सुलू, माझ्या सृष्टीचं लगीन तू लावलंस व्हय गं? नवरा कोन हाय तेवडं तरी सांग."

सगळं त्यांच्याकडूनच कळलं. सकाळच्या एसटीनं एक मुलगी हिर्डोशीला उतरली होती. रस्त्यापासून वाडीपर्यंत चढ चालून गेली. वाटेत तीन ठिकाणी विचारलं, लग्नघर कुठलं. घरी जाऊन अक्काबाईंना म्हणाली, आजी, तुम्हाला बस्त्याला येता येणार नाही, तर तुम्ही घरूनच साड्या बघाल. तुमच्या घरात फोन कुठं नीट लागतो ते बघायला आले आहे. अक्काबाईंना वाटलं, मुलानं आणि सुनेनं आपल्याला न विचारता नातीचं ठरवलं. त्यांनी मुलाला फोन करून नको नको ते ऐकवलं. मुलानं सृष्टीला विचारलं. सृष्टी हॉस्टेलवर रडत बसली, कारण तिला वाटलं घरचे शिक्षण थांबवून तिला उजवतायत. दुपारपर्यंत सगळ्या वाडीनं नवरा मुलगा कुठला, काय करतो, तेही ठरवून टाकलं होतं.

मी अक्काबाईंना सांगितलं की चूक माझी आहे, लग्न नाही, मी खोटं बोलले. का बोलले ते विचारू नका. त्या म्हणाल्या, "म्या इचारनार न्हाई. पन तू लेकाला फोन कर. माझं त्यो आता ऐकत न्हाई." मी केला. सृष्टीलाही केला. त्या पोरीची माफी मागितली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास वनिता आली. साडेतीनची एसटी हुकली म्हणून थोडी वाट चालत आणि बाकीची दुधाच्या गाडीतून आली होती. चपला धुळीनं भरलेल्या. सुतार घरी गेले होते. हे मागं गठ्ठे बांधत होते.

"काकू, अक्काबाईंच्या घरी लग्न नाही."

"नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

ती स्टुलावर बसली. मला वाटलं रडेल, नाही तर भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "मी अख्ख्या वाडीत लग्न विचारत फिरले."

मग मी विचारलं. सारोळ्यात काय करत होतीस? तिकडच्या शोरूमचं काम घेतलंयस का? ही वही त्यांना देणार आहेस का? सगळं एका दमात बाहेर पडलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "वही कुणाला देणार नाही. आणि सारोळ्याबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही."

"का?"

"तिथलं काम तिथं."

हे काय उत्तर झालं? ज्याच्या मनात काही नाही, तो लगेच सांगून मोकळा होतो, असं मला वाटायचं. मी म्हटलं, मग वही इथं ठेव. तिनं पिशवीतून वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"ठेवा. मला पाठ आहे."

आता सांगा, संशय जायचा कसा?

मी यांना म्हटलं, काम थांबवा. यांनी एरवी माझा शब्द मोडला नसता. पण काउंटर फोडलेला, भिंतीतून वायरी लोंबत होत्या आणि तुळशीचं लग्न पंधरा दिवसांवर. हे म्हणाले, तुझा संशय खरा असला तरी अर्धं दुकान घेऊन लग्नसराईला कसं उभं राहायचं? तेव्हा काम चालू राहिलं. वनिता वेळेवर यायची, काकू म्हणायची, मी दिलेला चहा प्यायची. पण गप्पा बंद झाल्या. माझा डोळा तिच्या फोनवर असायचा. तिला ते कळायचं आणि ती फोन माझ्या समोरच ठेवून कामाला जायची. तेही मला नाटक वाटायचं.

दुकान मात्र तिनं केलं. मला वाटलं होतं, मॉलसारख्या काचा आणि खुर्च्या येतील. तिनं गादी ठेवली, फक्त वीतभर उंच केली आणि कडेला लाकडी दांडी लावली, म्हाताऱ्या बायकांना धरून उठायला. पिवळे दिवे काढून दिवसासारखा उजेड देणारे लावले. गादीच्या वर एक आडवा हात बसवला, त्यात कॅमेरा, खाली पसरलेली साडी जशीच्या तशी दाखवणारा. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. घरी राहिलेल्या बाईला फोन लावला की ती त्या पडद्यावर गादीच्या उंचीला बसलेली दिसते, सगळ्यांच्या रांगेत. साडीवरची चिठ्ठी यंत्राला दाखवली की त्याच साडीचे आमच्याकडं नसलेले रंगही पडद्यावर येतात, विणणाऱ्याकडं काय काय तयार आहे त्यासकट. हात लावायला एक साडी गादीवर, बाकीचे रंग भिंतीवर. पाटासाठी एक कोनाडा केला होता, पडद्याच्या शेजारी, म्हणजे देवीची साडी दिवसभर सगळ्यांना दिसेल आणि घरच्या बाईलाही. मी तो बघितला आणि काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही.

पहिला बस्ता विंझरच्या लोकांचा. त्यांच्या घरात चालतं ते आत्याचं, रतनबाईंचं, आणि रतनबाई पाय प्लास्टरमध्ये घालून घरी. पडद्यावर त्यांचा चेहरा आला तेव्हा गादीवरच्या बायका आपोआप पदर सावरून बसल्या. रतनबाईंनी आधी देवीच्या साडीला हात जोडले. मग दुपारपर्यंत एकेक साडी कॅमेऱ्याखाली पसरायला लावली, काठ उलटून दाखवायला लावले, नवऱ्या मुलाच्या आईला पडद्यावरून टोमणा मारला की माझ्या नावाची साडी शेवटी का काढता. वांगी रंग वांगीच दिसला. चार वाजता बस्ता बांधून टेम्पोत गेला. पुढच्या रविवारची भाषा कुणी केली नाही.

वनिता मागं भिंतीला टेकून उभी होती. सगळे गेल्यावर तिनं पडदा बंद केला, वायरी तपासल्या आणि आंबवड्याच्या गाडीला निघाली. मी एवढंच म्हटलं, बाबांना जप. ती हो म्हणाली. तिच्याकडं दुसरं काम आहे का, हे मी विचारलं नाही. पेठेत मला दोघा-तिघांनी विचारलं, मुलगी कशी आहे हो. मी म्हणायची, काम चांगलं आहे. पुढचं बोलायची नाही. बाजारात न बोलण्याचाही अर्थ निघतो, हे मला कळत होतं. पौष लागेपर्यंत पेठेतलं एकही काम तिला मिळालं नव्हतं. आकाशकडून कळलं, ती पुण्यात खोली बघते आहे.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुकानात फोन आला. सारोळ्याच्या शोरूमचे मालक होते. आवाजात साखर.

"वहिनी, एक विचारतो, राग मानू नका. त्या आंबवड्याच्या मुलीनं तुमचं काम केलं. दिवाळीआधी आमच्याकडं पण मापं घेऊन गेली होती. आता सगळं शोरूम तिलाच द्यावं म्हणतो. पण ती तुमच्याकडं रोज बसून असायची असं कळलं. आमचं काही तुमच्या कानावर घातलंन का? माल कुठला आणणार, कुठल्या गावात माणसं पाठवणार, असलं काही?"

एक हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांचं शोरूम लांबलं असतं, त्यांना असं दुकान करणारी दुसरी कुणी या भागात मिळाली नसती, आणि आमच्या गादीवरचे बस्ते आमच्याकडंच राहिले असते. वनिता पुण्याला गेली असती. कुणाला कळलं नसतं.

पण हा माणूस जे विचारत होता तेच मी तिला विचारलं होतं, आणि जे उत्तर मला इतके दिवस टोचत होतं तेच ह्याला हवं होतं.

मी म्हटलं, "तिनं तुमचं नावसुद्धा माझ्यापुढं घेतलं नाही. मी तोंडावर विचारलं, तरी नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं. तुमच्यासारखाच मलाही संशय होता. त्यापायी तिला नको तो त्रासही दिला. तरी बोलली नाही."

मग ते म्हणाले, बरं झालं विचारलं, आणि फोन ठेवला.

यांनी मागून सगळं ऐकलं होतं. म्हणाले, सुलू, कळतंय का, तिकडं पण असंच दुकान होईल. म्हटलं, होईल. हे साडीची घडी घालत राहिले.

मी वनिताला फोन लावला. मागं फुलाबाईंचा आवाज येत होता, बाजीरावांना भरवत असाव्यात. मी सांगितलं, सारोळ्याहून बोलावणं येईल, नाही म्हणू नकोस, पुण्यातली खोली राहू दे.

ती म्हणाली, "काकू, सारोळ्याबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," मी म्हटलं.